सहाव्या तारेपासून स्पीकरपर्यंत

विद्युत गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे चुंबकांभोवती हजारो वेढ्यांनी गुंडाळलेल्या केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेतून, निघणाऱ्या संकेताला स्पीकरपर्यंत जेमतेम काही हात अंतर कापायचे असते. तरीही व्हॉल्व्हवर चालणाऱ्या दोन-चॅनेली अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या प्रवासात जितके फुकटे सहप्रवासी भेटतात, तितके सणासुदीच्या पॅसेंजर गाडीतही भेटत नसावेत. निघताना संकेताची शिदोरी फार तर व्होल्टच्या काही दशांशांची असते. पहिल्याच स्थानकावर १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह त्याला पन्नास-साठ पटींनी धष्टपुष्ट करतो, पण वाटेत डब्यात शिरलेली घरघरही त्याच प्रमाणात बाळसे धरते, कारण व्हॉल्व्हला पंक्तिप्रपंच ठाऊक नसतो.

पुढे जंक्शन लागते. तेथून एक मार्ग स्वच्छ स्वराच्या चॅनेलकडे, तर दुसरा मुद्दाम फाटक्या, कर्कश केलेल्या स्वराच्या लीड चॅनेलकडे जातो, आणि सांधा बदलण्याचे काम रिलेकडे असते. रिले ही चुंबकीय कळ होय: तिच्या कॉइलमधून प्रवाह गेला की लोखंडी पट्टी ओढली जाऊन एक संपर्क सुटतो आणि दुसरा जुळतो. तारायंत्राच्या काळापासून इमाने इतबारे नोकरी करणाऱ्या या सांधेवाल्याचा प्रवाशांशी थेट संबंध येत नाही, कारण कॉइल आणि संपर्क विद्युतदृष्ट्या वेगळे असतात. तरीही वादकाने पायाने बटण दाबताच सभागृहात ‘ठप्प’ असा आवाज उमटला की पहिला आळ त्याच्यावरच येतो.

हा आळ बहुधा अन्यायाचा असतो. व्हॉल्व्हच्या प्लेटवर दीडशे-दोनशे व्होल्टचा एकदिश दाब असतो, आणि तो अडवून फक्त संकेताला पुढे सोडण्याचे काम कपलिंग कपॅसिटर, म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या भाषेतला कंडेन्सर, करतो. रिलेने मार्ग तोडला की या कपॅसिटरचे पलीकडचे टोक अधांतरी राहते, तेथे झिरपलेला दाब साचत जातो, आणि संपर्क पुन्हा जुळताच तो एकदम ओसरून स्पीकरला ठोसा देतो. त्या टोकापासून अर्थपर्यंत १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडला की दाब साचतच नाही. मात्र कॉइलला समांतर, योग्य दिशेने बसवलेला डायोड नसेल, तर प्रवाह तुटताना कॉइलमध्ये उलट उसळणारा दाब कडाडतो, आणि तेवढ्यापुरता सांधेवाल्यावरचा गुन्हा शाबीत होतो.

खरी भानगड सांधेवाल्याच्या खाणावळीत असते. रिलेला लागणारे ५ व्होल्ट अनेक यंत्रांत व्हॉल्व्हच्या हीटरसाठी असलेल्या ६.३ व्होल्टच्या वेटोळ्यातूनच काढले जातात. या प्रत्यावर्ती दाबाचे शिखर सुमारे ८.९ व्होल्ट, त्यातून दोन डायोडांचा १.४ व्होल्टचा कर वजा जाता उरतात साडेसात. आणि दाब स्थिर राखणाऱ्या ७८०५ या रेग्युलेटरला किमान सातच्या आसपास लागतात. संध्याकाळी घरोघरी दिवे लागून २३० व्होल्टचे २१० झाले, की हीच बेरीज-वजाबाकी पावणेसातपर्यंत घसरते. रिले ओढलेला राहतो, पण रेग्युलेटर धापा टाकू लागतो आणि ती धाप १०० हर्ट्झच्या गुणगुणीच्या रूपाने डब्यात चढते.

या गुणगुणीला नागरिकत्व असते. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हीटरच्या तारांतून आलेली कुरकुर बहुधा ५० वर, तर एकदिश केलेल्या पुरवठ्यात उरलेली लहर १०० वर, म्हणजे गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी वाजणाऱ्या ९८ हर्ट्झच्या जी स्वराच्या किंचित वर, ऐकू येते. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची असल्याने तेथे हीच लहर १२० वर, बी स्वराच्या जरा खाली, घुमते. कान तयार असलेल्या दुरुस्तीवाल्याचे निम्मे निदान त्यामुळे पेटी उघडण्यापूर्वीच होते. उरलेले निम्मे जपून करावे लागते, कारण यंत्र बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत चारशेहून अधिक व्होल्ट दबा धरून बसू शकतात, आणि त्यांना रेझिस्टरमधून रिकामे केल्याशिवाय आत हात घालणारा माणूस वेगळ्याच प्रवासाला निघतो.

मुंबईत ही शोधयात्रा ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेण्यासाठी थांबते, आणि इथेच ती फसण्याचा संभव सर्वाधिक. क्षीण संकेतासाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचा चिमुकला रिले लागतो, कारण चांदीच्या संपर्कांवर चढणारा काळपट थर भेदण्याइतके बळ मोठ्या प्रवाहात असले, तरी गिटारच्या संकेतात नसते. परंतु एवढ्या मोठ्या पेटीला एवढीशी डबी कशी पुरणार, असा विचार करून गिऱ्हाईक १० अँपिअरचा दणकट रिले उचलते. मग काही महिन्यांनी लीड चॅनेलचा आवाज कधी येतो, कधी येत नाही, पेटीवर थाप मारली की हमखास येतो, आणि वाद्यवृंदाच्या तालमीला थाप मारण्यासाठी एक माणूस वाढवावा लागतो.