शास्त्रशुद्ध ज्ञानसंचय: बेंगळुरू आवृत्ती

बेंगळुरूच्या एखाद्या कंपनीत ‘नॉलेज मॅनेजमेंट हेड’ म्हणून आपली नेमणूक झाली असेल, तर प्रथम अभिनंदन. पुण्याहून आला असाल तर बिचकू नका. इन्फोसिसही 1981 मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि दोन वर्षांनी इकडे आली. तिचे बरे चालले आहे. पहिल्या आठवड्यात काहीही करू नये. प्रत्येक मीटिंगमध्ये ‘नॉलेज आहे हो आपल्याकडे, पण सायलोजमध्ये अडकलंय’ एवढे म्हणावे आणि चष्मा पुसावा.

दुसऱ्या आठवड्यात पोर्टल काढावे. नाव संस्कृत असावे, प्रज्ञा, बोध वगैरे. लोगोत बल्ब हवाच.

हे पोर्टल भरायचे कसे, याचा सर्वोत्तम धडा गावातच आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या इन्फोसिसने ‘के-शॉप’ नावाचे पोर्टल काढले होते. पण डेडलाइन डोक्यावर असताना बसून लिहिणार कोण? मग 2001 च्या सुमारास कंपनीने ‘नॉलेज करन्सी युनिट’ काढले. लेख टाका, युनिटे मिळवा. दुसऱ्याचा लेख तपासा, युनिटे मिळवा. साठली की त्यांवर भेटवस्तू घ्या. झाले! असा पूर आला की तपासणाऱ्यांच्या नाकी नऊ आले आणि शोधणाऱ्याला कामाचे काही सापडेना. त्यात शेजारच्या माणसाच्या लेखाला कमी गुण देऊन उद्या कँटीनमध्ये त्याच्याच टेबलावर बसायचे कसे? गुणही सढळ हाताने पडू लागले. 2002 मध्ये कंपनीने युनिटे आणि पैसा यांची फारकत केली, लेखाचा वापरणाऱ्याला उपयोग काय झाला याला वजन दिले, आणि गाडी रुळावर आणली. वर्षभरात आपलीच योजना अशी तपासून बदलणाऱ्या कंपन्या थोड्या, हे मान्य केले पाहिजे. रघु गरुड आणि अरुण कुमारस्वामी यांनी 2005 मध्ये ‘एमआयएस क्वार्टर्ली’त ही सगळी हकिगत मांडली आहे.

तो लेख आपण जरूर वाचावा, मात्र पूर येईपर्यंतच. ‘एका वर्षात इतके हजार लेख’ हे अप्रेझलमध्ये लिहिता येते. पुढचा भाग आपल्या कामाचा नाही. लेखाचा उपयोग झाला की नाही हे कळायला दोन वर्षे लागतात, आणि अप्रेझल मार्चमध्ये असते.

आता मुख्य विधी, म्हणजे केटी, अर्थात नॉलेज ट्रान्सफर. प्रत्येक टीममध्ये एक जुना माणूस असतो, ज्याला सगळे ‘गुरू’ म्हणतात. महिनाअखेरीला रात्री बिलिंगचा जॉब अडकला की तो लॉग उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, ‘किती मिनिटांनी थांबला?’ तीन मिनिटांनी थांबला असेल तर पलीकडच्या सिस्टीमची फाइल आलेली नाही. चाळीस मिनिटांनी थांबला असेल तर डिस्क भरली. एवढे सांगून तो फोन ठेवतो आणि झोपतो. हा माणूस राजीनामा देतो. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. त्यातले पहिले ऐंशी दिवस त्याला चालू कामावरून अजिबात हलवू नये, क्लायंट नाराज होतो. उरलेल्या दिवसांत त्याच्यासमोर टेम्प्लेट ठेवावे. प्रस्तावना, व्याप्ती, आर्किटेक्चर, लेसन्स लर्न्ट. तो बिचारा चाळीस पाने इमानेइतबारे भरतो. तीन मिनिटे आणि चाळीस मिनिटे मात्र त्यात येत नाहीत, कारण त्यांना रकाना नाही, आणि ते ‘नॉलेज’ आहे हे त्याच्या स्वप्नातही नसते. त्याच्या लेखी ती साधी सवय. माणसाला जेवढे सांगता येते त्याहून जास्त ठाऊक असते, असे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी 1966 मध्येच सांगून गेला. पण त्याने टेम्प्लेट दिले नाही, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

यावर जपानी तोड आहे, तीही सांगून ठेवतो. 1980 च्या दशकात मात्सुशिता कंपनीचे इंजिनियर घरगुती पाव-यंत्र बनवत होते, आणि कणीक काही केल्या नीट मळली जात नव्हती. तेव्हा इकुको तनाका ही त्यांची सहकारी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली राहिली. तो कणीक मळताना ओढून पिळतो, हे तिने बघून बघून उचलले आणि यंत्रात तशी सोय करवली. पुढे व्यवस्थापनाचे अभ्यासक नोनाका यांनी हे उदाहरण जगभर नेले. आपल्याकडे हा प्रकार कटाक्षाने टाळावा. नुसते शेजारी बसून शिकणाऱ्याचे तास टाइमशीटमध्ये कुठल्या कोडवर टाकायचे, हे फायनान्सला विचारून पाहा.

इनोव्हेशनसाठी शुक्रवार राखावा. हॅकेथॉन, पिझ्झा, टी-शर्ट, परीक्षक म्हणून कोड लिहिणे सोडलेले तीन व्हीपी. इथल्या एमटीआर उपाहारगृहवाल्यांचे म्हणणे असे की दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, म्हणून त्यांनी रव्याची इडली करून पाहिली. ना आयडिया पोर्टल, ना समिती! आपल्याकडे ती इडली पहिल्याच चाळणीत बाद होईल, शेरा: ‘तांदळाच्या टीमशी अलाइनमेंट नाही.’

कोलॅबोरेशनचे फार मनावर घेऊ नये. ते दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, आपोआप होते. उभ्याने पंधरा मिनिटांत सगळे उरकायची रीत या शहराला स्क्रमने नाही, दर्शिनीने लावली. दोन टीमचे भांडण सहा मीटिंगांत मिटत नाही, ते दुसऱ्या फिल्टर कॉफीपर्यंत मिटते. फक्त त्याचे मिनिट्स नसतात, म्हणून ते झाले असे धरू नये. सोमवारी त्याच विषयावर कॉल लावावा.

दोनेक वर्षांत एखादा पुरस्कार मिळवावा आणि आउटर रिंग रोडवरच्या पुढच्या कंपनीत जावे. जाताना आपलीही केटी होईलच. आपल्या जागी येणाऱ्याला पोर्टलची लिंक पाठवा. ती उघडायला परवानगी लागते. परवानगीची विनंती अ‍ॅडमिनला जाते. अ‍ॅडमिन आपण होतो, आणि आपला मेल आयटीने शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता बंद केलेला असतो.