गल्ला नको, सिनेमा सांगा

सिनेमा कसा होता, असं विचारलं की हल्ली उत्तर कोटींत मिळतं. ‘तीन दिवसांत पन्नास कोटी केले, माहितीये?’ माहिती करून काय करायचंय? ते पैसे ना सांगणाऱ्याच्या खिशात येणार, ना ऐकणाऱ्याच्या. निर्मात्याचा हिशेब ठेवायला निर्मात्याची माणसं आहेत. बाबा रे, तिकीट काढून अडीच तास तू बसलास ना? मग तुला काय दिसलं, कुठे रडू आलं, कुठे कंटाळून मोबाइल बाहेर काढलास, ते सांग. ते तुझ्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही.

हे तावातावाने लिहितोय, कारण या गप्पांत ताकद आहे. लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर, ऑफिसात डबा खाताना होणाऱ्या गप्पांवर सिनेमे तरलेत. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला लागला, तेव्हा सुरुवातीच्या परीक्षणांनी त्याला झोडपलं होतं. पण बघून आलेल्यांनी गब्बरचे संवाद म्हणून दाखवले, न पाहिलेल्यांना हाताला धरून नेलं, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. २०२३च्या पावसाळ्यात ‘बाईपण भारी देवा’ आला. एकीने पाहिला, मैत्रिणींना सांगितला, आणि नटूनथटून अख्खे ग्रुपच्या ग्रुप थिएटरात. आईला, सासूला, नणंदेला घेऊन बायका पुन्हा गेल्या. तो सिनेमा बायकांनी एकमेकींना सांगून चालवला.

आजच्या मोठ्या हिंदी सिनेमाचं तुमच्या शब्दावाचून फारसं अडत नाही. मराठी सिनेमाचं अडतं. शुक्रवारी लागतो, त्यातही बऱ्याचदा सकाळी अकराचा नाहीतर दुपारी तीनचा खेळ मिळतो. शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत की पुढच्या आठवड्याचे शो कमी होतात. मग चौकशी करणाऱ्याला उत्तर मिळतं, ‘तो गेला.’

सप्टेंबर २०२५ आठवा. १२ तारखेला एकाच शुक्रवारी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी सिनेमे आले. पुढच्या शुक्रवारी ‘साबर बोंडं’. आठ दिवसांत चार! चार माणसांचं कुटुंब चारही सिनेमे बघणार कुठून? तिकिटं, येण्याजाण्याचा खर्च, मध्यंतरातले पॉपकॉर्न. महिन्याला एक सिनेमा झाला तरी पुष्कळ. अशा वेळी कुठला बघायचा हे घरोघर एकच प्रश्न ठरवतो: ‘कुणी पाहिलाय का रे?’ ‘दशावतार’ पाहिलेले लोक भेटेल त्याला दिलीप प्रभावळकरांबद्दल सांगत सुटले. ऐंशी ओलांडलेला नट दशावतारी कलावंत म्हणून पडद्यावर काय करतो, ते बघायला लोक गेले.

‘साबर बोंडं’च्या वाट्याला मात्र बहुतेकांकडून एकच वाक्य आलं: ‘सनडान्सला बक्षीस मिळालंय म्हणे.’ मिळालंय, आणि साधंसुधं नाही; अमेरिकेतल्या त्या महोत्सवाच्या जागतिक सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक आहे. पण बक्षिसाचं नाव ऐकून घरातलं कोण उठून तिकीट काढतं? त्याऐवजी असं सांगा: वडील गेले म्हणून मुंबईचा एक तरुण दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक त्याही घरात ‘लग्न कधी करतोस’ म्हणून मागे लागतात. तो का करत नाही हे आईला माहीत आहे, आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे. एवढं ऐकलं की समोरचा विचारतो, ‘मग?’ तो ‘मग?’ आला की तुमचं काम झालं.

‘स्लो आहे’ हे दुसरं तयार उत्तर. स्लो असेलही, पण कुठे, आणि का? ‘फँड्री’त एक कुटुंब गावासमोर डुक्कर पकडतंय. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर समोरून चाललंय आणि कुणी हलत नाही. त्या थांबण्यात त्या घरातल्या पोराची, जब्याची सगळी कोंडी दिसते. तिथे घाई केली असती तर दिग्दर्शक नागराज मंजुळेंच्या हातात काही उरलं नसतं. सिनेमा संथ असणं हा गुन्हा नाही, रिकामा असणं हा गुन्हा आहे. तुम्ही पाहिलेला यातला कोणता, एवढं तरी सांगाल की नाही?

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ घ्या. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करला गेला, तरी कितीतरी जण ‘आर्ट फिल्म आहे’ म्हणून बाजूला झाले. मी तो सिनेमा एका प्रसंगावर सांगतो. कोर्टात सपाट आवाजात कलमं वाचून एका म्हाताऱ्या लोकशाहिराला आत ठेवा म्हणणारी सरकारी वकील संध्याकाळी लोकलमध्ये शेजारच्या बाईशी साडीबद्दल आणि खाण्यापिण्याबद्दल बोलते. मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. गीतांजली कुलकर्णींनी ही बाई इतकी ओळखीची केलीय की तिचा राग येत नाही, आणि म्हणूनच धडकी भरते. माणसाला तुरुंगात डांबून ठेवायला खलनायक लागत नाही. नेमकं काम करून वेळेत घरी जाणारी माणसं पुरतात. यात कुठली आर्ट आणि कुठली फिल्म? ही तर आपल्या शेजारची बाई.

आता खोट्या कौतुकाबद्दल. ‘आपला मराठी सिनेमा आहे, सपोर्ट करा’ म्हणून वाईट सिनेमा बघायला लावणाऱ्यांनी मराठी सिनेमाचं जास्त नुकसान केलंय. ओळखीचा दिग्दर्शक, फुकटचा खास खेळ, मग ‘अप्रतिम! चुकवू नका!’ त्या भरवशावर पदरचे पैसे घालून गेलेला माणूस एकदा फसतो, आणि पुढच्या वेळी खरोखर चांगल्या सिनेमालाही येत नाही. वाईट असेल तर वाईट म्हणा. नटाचा अपमान न करता, कुठे फसलाय ते दाखवून म्हणा. तुमच्या ‘नको जाऊस’वर विश्वास बसला, तरच तुमच्या ‘जाच’ला किंमत.

शेवट सांगणाऱ्यांशी मात्र मी वाद घालत नाही. त्यांनी गप्प बसावं. दुसऱ्याचा धक्का हिरावून घ्यायचा हक्क तिकिटाबरोबर मिळत नाही.

आणि ‘ओटीटीवर येईल तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांना एवढंच: थिएटरात कुणी गेलंच नाही, तर त्या दिग्दर्शकाच्या पुढच्या सिनेमाला पैसे कोण देणार? सहा महिन्यांनी घरी बघून ‘अरे, हा तर मस्त होता’ म्हणणं खरं असतं, पण त्याचा उपयोग संपलेला असतो. कौतुकालाही वेळ असते, आणि मराठी सिनेमासाठी ती वेळ शुक्रवार ते रविवार एवढीच आहे.

तेव्हा या आठवड्यात जो कुठला सिनेमा बघाल, त्याबद्दल रविवारच्या आत एका तरी माणसाला फोन करा. कोटी सांगू नका, बक्षिसं सांगू नका, शेवट तर अजिबात नको. मनात राहिलेला एक प्रसंग सांगा आणि जायचं की नाही ते स्पष्ट सांगा.