बिल्ड-अण्णा

गाड्यांची नाहीतर राउटरची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्या हिंजवडीतल्या कुठल्याही ऑफिसात एक बिल्ड-अण्णा असतोच. हुद्दा काहीही असो, टेबल कोपऱ्यातलं. त्यावर उघडे आर्म बोर्ड, वायरींचा गुंता आणि 'हात लावू नये' अशी चिठ्ठी.

नवा मुलगा धावत येतो. "अण्णा, लायब्ररी बिल्ड झाली, पण बोर्डावर लोडच होत नाही."

"फाइल कमांड मारलीस?"

मारलेली नसते. मारल्यावर कळतं, आर्मसाठी म्हणून बनवलेली एसओ फाइल अस्सल एक्स८६ची निघाली. अण्णाचा चेहरा पगारवाढीलाही इतका फुलत नाही.

मग मेकफाइलची चिरफाड. कंपायलरच्या जागी कुणीतरी सरळ 'जीसीसी' लिहून ठेवलेलं. त्याखाली प्रोसेसर कोणता, हे 'युनेम'ला विचारलेलं. "अरे, युनेम ह्या लॅपटॉपचा प्रोसेसर सांगणार! बोर्डाचं त्याला स्वप्न पडतंय का?" कॉन्फिगर स्क्रिप्ट तर त्याहून थोर. ती एक चिमुकला प्रोग्राम कंपाइल करते आणि तिथल्या तिथे चालवून बघते. आर्मचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालतोय कशाला! स्क्रिप्ट हात वर करते, आणि तिला हवं असलेलं उत्तर अण्णा कॅश फाइलीत स्वतःच्या हाताने लिहून देतो. परीक्षकाने पेपर सोडवून द्यावा तसं.

टॅबऐवजी स्पेस दिसली की इतिहास सुरू. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. टॅबची चूक त्यांच्या लवकरच ध्यानात आली, पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते. त्यांना त्रास नको म्हणून टॅब राहिला. "डझनभर माणसांची भीड!" अण्णा कपाळावर हात मारतो. स्वतः मात्र मॅनेजरचीही भीड ठेवत नाही.

"दोन दिवसांत किती ओळी बदलल्या?"

"तीन. त्यातल्या एकीत फक्त टॅब."

इतरांच्या फाइलींतले पक्के लिहिलेले रस्ते पाहून संतापणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये टूलचेनचा रस्ता 'होम' आणि त्यापुढे 'अण्णा' असाच असतो. त्यामुळे दुरुस्त झालेली लायब्ररी बिनतक्रार बनते ती त्याच्याच लॅपटॉपवर. हे त्याला ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

तेव्हा अण्णाच्या रजेचा अर्ज आला, तर मंजूर करण्याआधी दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर एकदा बिल्ड लावून बघा.