मोरीतलं पोषण
कोयनानगरात वर्षाला सुमारे 5,000 मिलिमीटर पाऊस. भिंतींना शेवाळ, चपलांना बुरशी; आणि दुकानात टांगलेली शाम्पूची पुडी म्हणते, ‘अमिनो आम्लांनी ओलावा टिकवा!’ मुळात केस म्हणजे केराटिन, अमिनो आम्लांचीच साखळी. ती न्हावी रोज सुपलीभर झाडून टाकतो. त्वचेतला ओलावा धरणाऱ्या नैसर्गिक घटकांत अमिनो आम्लांचा वाटा सुमारे 40 टक्के, हे खरं. क्रीम अंगावर राहतं, तेव्हा तिथे थोडंफार मान्य करू. डाळीच्या पिठातही तीच आम्लं, पण पिठाच्या पिशवीवर हसरी नटी नसते. शाम्पूतलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल मात्र बहुतेक तांब्याभर पाण्यात मोरीला लागतं. तिथून कोयनेत, पुढे कऱ्हाडला कृष्णेत. तिथल्या प्रीतिसंगमातले मासे तुकतुकीत असणार!