वरची पट्टी

आमच्या ताईंनी पुन्हा पक्ष बदलला. घरडा सर्कलजवळच्या फ्लेक्सवरची वरची पट्टी बदलली तेव्हा आम्हा डोंबिवलीकरांना कळलं. ताईंना थोडं आधी कळलं असावं.

पट्टी म्हणजे नेत्यांच्या गोल फोटोंची रांग. नोव्हेंबर 2019 ते डिसेंबर 2024 या काळात राज्यात मुख्यमंत्रिपदाच्या चार शपथा झाल्या, आणि प्रत्येक शपथेला पट्टी बदलावी लागली. अख्खा फ्लेक्स नव्याने छापणं परवडत नाही, म्हणून नुसती पट्टी वरून चिकटवतात. पावसात चिकटपट्टी सुटते आणि जुने साहेब नव्या साहेबांच्या कानामागून डोकावू लागतात. एका श्रावणात तर एकाच गोलात तीन पक्षांची तीन तोंडं दिसत होती. एका आजींनी चपला काढून हात जोडले. दत्तगुरू समजल्या बिचाऱ्या.

पट्टीखाली ताई. फोटो 2015चा, हिरवी पैठणी, जोडलेले हात. शेजारी त्यांचे यजमान, ताईंपेक्षा दीडपट मोठे, गॉगल लावून, खाली 'मार्गदर्शक'. सोडतीत वॉर्ड महिला राखीव निघाला, तेव्हा तिकीट घराबाहेर जाऊ नये म्हणून ताईंना उभं केलं होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांची नगरसेविकापदाची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षं इथे नगरसेवकच नव्हते. पद नाही, सभागृह नाही, तरी ताईंची पक्षांतरं वेळच्या वेळी होत राहिली.

ताईंच्या नंबरवर फोन लावा, "बोला" असा पुरुषी आवाज येतो. पाण्याची तक्रार सांगा, तोच ऐकतो. ताई कुठे आहेत विचारा, "त्यांचं काय काम?" पालिकांतल्या निम्म्या जागा बायकांना देणारा कायदा 2011 पासून आहे, निम्मे फोन उचलण्याबद्दल त्यात काही म्हटलेलं दिसत नाही.

ताई सभागृहात एकदाच बोलल्या. बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, आत एक गेली की बाहेर दुसरीने दार धरून उभं राहायचं, हे त्यांनी माइकवर सांगितलं. पंधरवड्यात कडी बसली. पुढच्या सभेपासून ताईंची तब्येत बिघडू लागली.

जानेवारी 2026च्या निवडणुकीत जागा खुली झाली आणि यजमान स्वतः उभे राहिले. त्यांचा कार्य अहवाल घरी आला. पान पहिलं, काम पहिलं: 'माता-भगिनींच्या स्वच्छतागृहाला कडी, स्वतः पाठपुरावा करून.' अहो, कडी! एवढी कडीसुद्धा तिच्या नावावर ठेवली नाहीत?