गुणोत्तरराव

गुणोत्तररावांना ‘काय, गाडी कशी आहे?’ असं विचारायची चूक मी एकदाच केली. डेट्रॉईटजवळच्या नोव्हायच्या गणपतीत आरती नुकतीच संपली होती आणि मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. जेवणं उरकली, मुलांचा फॅन्सी ड्रेस झाला, बक्षिसंही वाटून झाली, तरी गुणोत्तरराव दुसऱ्या गिअरमध्येच होते.

त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त बँकेच्या पत्रांवर उरलंय. डेट्रॉईटच्या आसपास प्रत्येक मराठी घोळक्यात असा एक तरी मनुष्य असतोच. मूळचा सातारा-सांगलीकडचा, शिक्षण मेकॅनिकलचं, पोट मोटारींच्या धंद्यावर. ऑफिसात मात्र वर्षानुवर्षं दरवाजाच्या बिजागरीवर काम, त्यामुळे उरलेल्या गाडीवरचं सगळं प्रेम घरी येऊन उतू जातं. आमच्या गुणोत्तररावांकडे २०१२ची मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ४१२ हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे सहा गिअर. या ४१२ घोड्यांवर बसून ते हिवाळा सोडून रोज सकाळी डिअरबॉर्नला कामावर जातात आणि संध्याकाळी येताना कोथिंबीर आणतात.

गाडीला काही झालेलं नाही. दुखणं आहे ते मालकाचं, आणि ते मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. कंपनीने तिथे ३.३१चा रेशो दिलाय. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टने ३.३१ वेळा फिरायचं. हा आकडा वाढवला की गाडी सिग्नलवरून झेप घेते, पण हायवेवर इंजिन उगाच जास्त फिरत राहतं आणि पेट्रोल पितं. शाळेत असताना सायकलचं फ्रीव्हील बदलून गुणोत्तरराव यवतेश्वरचा घाट न उतरता चढले होते. तेव्हा डोक्यात शिरलेलं चक्र अजून थांबलेलं नाही.

गेली सहा वर्षं ते उपवर मुलीला स्थळं पाहावीत तसे रेशो पाहताहेत. ३.५५ शांत, सालस, पण त्यासाठी एवढा खर्च करायचा तर फरक कळायला नको? ३.७३ सगळेच नावाजतात, म्हणून त्याचा संशय येतो. ४.१० देखणं आहे, पण संसाराला झेपेल का?

त्या गणपतीत ‘बघा,’ म्हणत त्यांनी माझ्या हातातली कागदी ताटली काढून घेतली. ‘हा क्राउन, अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक. व्यास ८.८ इंच, बरोब्बर ताटलीएवढा. याला दात ४१. आणि हा त्याला फिरवणारा पिनियन.’ पिनियन म्हणून त्यांनी माझ्या ताटलीतलाच उकडीचा मोदक उचलला. शेंड्याकडे निमुळता, अंगावर तिरक्या कळ्या. खरं सांगतो, त्याआधी मला पिनियन इतका स्वच्छ कुणी समजावला नव्हता. ‘याच्या कळ्या मोजा. अकरा असल्या तर ४१ भागिले ११, म्हणजे ३.७३. दहा असल्या तर ४.१०. सगळं भांडण एका दाताचं आहे हो!’

मी कळ्या मोजल्या. नऊ होत्या. गुणोत्तरराव मनातल्या मनात भागाकार करून गंभीर झाले. ‘४.५६. रोजच्या वापराला नाही चालणार,’ म्हणाले आणि पिनियन खाऊन टाकला.

त्यानंतर फोनमधला तक्ता निघाला. सहाव्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना ३.३१वर इंजिन मिनिटाला साधारण १,८५० फेरे घेतं, ३.७३वर २,१०० आणि ४.१०वर २,३००. शिवाय ४.१०ला दुसरा गिअर ५७ मैलांपाशीच संपतो. ‘म्हणजे शून्य ते साठ गाठताना तिसरा टाकावा लागणार. गिअर बदलण्यात जातो तो वेळ कुणाच्या बापाचा?’

इतका वेळ खुर्च्या आवरत असलेल्या वहिनी थांबल्या. ‘भाऊजी, तुम्हीच विचारा यांना, शून्य ते साठ शेवटचं कधी केलं होतं?’

‘प्रश्न तो नाहीये,’ गुणोत्तरराव म्हणाले.

‘परवा यांच्याबरोबर गेले होते. रस्त्याचं काम चालू होतं. पाऊण तास दुसऱ्या गिअरमध्ये. शेजारून एक बाई मिनीव्हॅनमधून पुढे गेली.’

‘तिचा रेशो वेगळा होता,’ गुणोत्तरराव पुटपुटले.

गेल्या वर्षी मात्र मोठी बातमी कळली. गुणोत्तररावांनी निर्णय घेतला होता: ३.७३. खोकं घरी आलं. मी बघायला गेलो. तेलकट कागदात गुंडाळलेला क्राउन-पिनियन त्यांनी बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसा दोन्ही हातांवर बाहेर आणला. पण बसवायचा कुणी? दातांमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची, दातांना पिवळी पेस्ट लावून घासल्याचा ठसा बघायचा, जमलं नाही तर पातळ चकत्या घालून पुन्हा पहिल्यापासून. थोडं चुकलं तर गाडी जन्मभर किरकिरते. मेकॅनिकवर विश्वास नाही आणि स्वतःवर त्याहून नाही. बसवल्यावर पहिले ५०० मैल सांभाळून चालवायची, म्हणून पाहुणे येणार त्या महिन्यात नको. हिवाळ्यात मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ असतं, गाडी बाहेरच निघत नाही, म्हणून तेव्हाही नको. उन्हाळ्यात भारतात जायचं असतं.

मधल्या काळात त्यांना ३.५५ बद्दल नव्याने काही वाचायला मिळालं आहे.

परवा दसऱ्याला त्यांच्याकडे गेलो. पाटावर पाने, स्क्रूड्रायव्हर, मुलीचा लॅपटॉप आणि मधोमध तो क्राउन-पिनियन, अशी शस्त्रपूजा मांडली होती. दातांवर अखेर पिवळं लागलं होतं, पण ते हळदीचं. मी नमस्कार केला, आपट्याचं पान दिलं आणि निघताना त्यांच्याच गाडीतून स्टेशनरीच्या दुकानापर्यंत गेलो.

गाडी अजून ३.३१वरच आहे. आणि झकास पळते.