उष्णतेची आवकजावक

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या मनुष्यास, तक्रार कोणाचीही व कशाचीही असो, आधी स्थळपाहणी, मग जबान्या आणि सरतेशेवटी पंचनामा, यावाचून दुसरा क्रम सुचत नाही. आणि म्हणूनच, आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर वारकरी पावसात भिजत असतात त्या आषाढात, ऑस्ट्रेलियातील जिलाँग नगरीत लेकीच्या बिऱ्हाडी भिंतीवरील एसीने ऊब देण्याचे साफ नाकारले, तेव्हा इतर मंडळी नुसतीच कुडकुडत असता मी मात्र चष्मा पुसून, लोकरी टोपी कानांवर ओढून चौकशीस रीतसर प्रारंभ केला.

त्या मुलखात आषाढ म्हणजे ऐन थंडी. सूर्य उत्तरेकडून जातो, तोही रजेवर असल्यासारखा. आणि घरे तर केवळ उन्हाळ्याच्या धास्तीने बांधली असावीत असा संशय यावा इतक्या पातळ भिंतींची. अशा घरांतून उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब, अशा दुहेरी चाकरीवर हे यंत्र ठेवलेले असते. आमच्या यंत्राने त्यांपैकी अर्धी चाकरी, आणि तीही नेमकी नको ती अर्धी, परस्पर पत्करली होती.

जबान्यांत एकवाक्यता नव्हती. जावईबापूंनी रिमोट पुराव्यादाखल पुढे केला. त्यावर हिमकणाचे नव्हे, सूर्याचेच चित्र होते आणि चोवीस अंशांचा हुकूम स्वच्छ नोंदलेला होता. आमच्या मंडळींचे निदान साऱ्या बिघाडांना लागू पडेल असे होते : "अहो, आधी ती जाळी काढून धुवा!" जाळी निघाली, तिच्यातून एक लहानशी उशी भरेल इतके लव-केस निघाले, जाळी धुतली, वाळविली, बसविली, यंत्राचा श्वास मोकळा झाला, परंतु तो थंडच राहिला. लेकीने यंत्राची वकिली केली. तिचे म्हणणे, हे यंत्र आतील नळी तापेपर्यंत पंखा मुद्दामच रोखून धरते. शिवाय दमट थंडीत त्याच्या बाहेरच्या भागावर हिम साचते व ते वितळविण्यासाठी यंत्र मधूनच काही मिनिटे उलटे चालते, तेव्हा आत शुकशुकाट आणि बाहेर वाफेचे लोट, हे सारे नियमास धरूनच आहे. युक्तिवाद बिनतोड होता. पण काही मिनिटांची ही तहकुबी दुपारची जेवणे झाली तरी उठेना.

वस्तुतः या यंत्राची कार्यपद्धतीच माझ्यासारख्या हिशेबी मनुष्यास मुळात संशयास्पद वाटते. ते उष्णता निर्माण करीत नाही. ती बाहेरच्या हवेतून उचलून आत आणते. चार अंशांच्या हवेत उचलण्याजोगी उष्णता ती काय असणार, असे कोणीही विचारील. परंतु शास्त्रज्ञांच्या लेखी शून्याची खरी पातळी उणे 273 अंशांवर असल्यामुळे आमच्या परसातील गारठलेली हवा ही उष्णतेची चांगली गबर असामीच ठरते. पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या विल्यम थॉमसनने 1852 सालीच ही युक्ती कागदावर मांडली होती, आणि झुरिकच्या नगरभवनाने 1938 साली लिमाट नदीच्या थंडगार पाण्यातून ऊब उपसून ती अमलातही आणली. एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिटांची ऊब पदरात टाकणारे हे खाते आमच्या कचेरीत असते, तर त्याच्या कारकुनास त्याच दिवशी निलंबनाचा हुकूम मिळाला असता. त्या मानाने अडगळीतून काढलेला जुना तेलाचा हीटर सचोटीचा : घेतो तितकेच देतो, आणि म्हणूनच त्याच्याभोवती बसून सर्वांचे फक्त गुडघे शेकले जातात.

आणि या सगळ्याला गाव तरी कोणते असावे! याच जिलाँगात बार्वन नदीच्या काठी जेम्स हॅरिसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने 1850 नंतरच्या दशकात ईथरची वाफ दाबून बर्फ तयार करण्याचे यंत्र चालविले. हा गृहस्थ पेशाने वृत्तपत्राचा संपादक; छापखान्यातील खिळे ईथरने पुसताना ते गार पडतात हे पाहून त्यास कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे 1873 साली त्याने गोठविलेले मांस 'नॉर्फोक' जहाजातून लंडनला धाडले, ते वाटेतच नासले, आणि संपादकाने व्यापारात पडू नये हे सिद्ध झाले. ज्या गावाने जगास कृत्रिम गारवा दिला, त्या गावात यंत्रांचा स्वाभाविक कल गारव्याकडेच असणार, हा माझा सिद्धांत जावईबापूंनी अतिशय नम्रपणे ऐकून घेतला.

चौकशीला खरे वळण दिले ते शेजारच्या मांजराने. परसात यंत्राचा बाहेरचा डबा आहे. त्याच्या पंख्यासमोर हे पिवळे, लठ्ठ जनावर डोळे मिटून, पाय पसरून, अत्यंत संतुष्ट मुद्रेने पडलेले मला स्थळपाहणीत आढळले. आत ऊब येत असेल तर त्या पंख्यातून बाहेर पडणारी हवा भोवतालच्या हवेहूनही थंड असली पाहिजे; आणि मांजरासारखा आत्महितदक्ष प्राणी थंड वाऱ्यात पाय पसरीत नाही. मी मांजराच्या पाठीवरून हात पुढे नेला. हवा ऊनऊन होती. आमच्या वीजबिलावर आम्ही परसदार तापवीत होतो!

दुरुस्तीस आलेला मेकॅनिक त्या थंडीत गुडघ्यांवर येणारी चड्डी घालून आला होता, त्यामुळे त्याच्याविषयी प्रथमदर्शनीच आदर वाटला. त्या देशात यंत्रातील वायूस हात लावण्यास निराळा परवाना लागतो. तो मी मागितला, त्याने दाखविला, आणि एका परवानाधारकाने दुसऱ्या परवाना तपासणाऱ्याकडे पाहावे तसे आम्ही परस्परांकडे पाहिले. मांजराची साक्ष मी त्यास सांगताच त्याने मान डोलावून डबा उघडला. आत पितळेची, चार तोंडांची एक लहानशी झडप असते. उष्णतेची आवक कोणत्या बाजूने आणि जावक कोणत्या, हे तीच ठरविते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याने तिला आधी दोन टपल्या मारून पाहिल्या. या शास्त्रशुद्ध उपायाने आमच्या मंडळींचा त्याच्यावरील विश्वास द्विगुणित झाला, कारण आमचा रेडिओ त्या अशाच दुरुस्त करीत असत. पण झडप अडकलेली नव्हती. तिला सरकविणारे विजेचे वेटोळेच जळाले होते. आमच्या यंत्रात त्या वेटोळ्यास वीज मिळेल तेव्हाच झडप उबेच्या बाजूस सरकते. न मिळाली तर ती गारव्याकडेच राहते. माझा सिद्धांत अगदीच निराधार नव्हता, हे मी जावईबापूंच्या निदर्शनास आणून दिले.

काड्यापेटीएवढे ते वेटोळे बसविण्यास जितका वेळ लागला, त्याहून अधिक ते मागविण्यास आणि त्याहूनही अधिक त्याचे बिल समजून घेण्यास लागला. संध्याकाळपर्यंत दिवाणखाना असा उबला की मी टोपी उतरविली, आणि वीस अंश की सव्वीस यावर लेक व तिची आई यांच्यात नवा दावा दाखल झाला, ज्यात साक्ष देण्याचे मी टाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वृद्ध बाई कुंपणापाशी आल्या. मांजर त्यांच्या खांद्यावर होते आणि त्याची मुद्रा नाराज होती. कित्येक दिवसांनी ते रात्री घरी झोपावयास आले, असे सांगून त्यांनी अतिशय काळजीच्या सुरात विचारले, "तुमचं यंत्र बिघडलं की काय?"